‘माकारेना’ला लागलेली तीन वर्षे

गाणे शुक्रवारी येते आणि सोमवारी निर्मात्याचा फोन येतो, ‘चालत नाही’. जाहिरातीचा पैसा थांबतो, संयोजक पुढच्या कामाला लागतो. पहिल्या आठवड्यावरून गाण्याचा निकाल लावायची ही सवय आपल्या व्यवसायाचे नुकसान करते आहे, असे आम्हाला ठामपणे वाटते. म्हणून एका अफाट खपलेल्या गाण्याचा प्रवास इथे मुद्दाम मांडत आहोत.

‘माकारेना’ १९९३चे. गाणारे अंतोनियो रोमेरो आणि राफाएल रुइस स्पेनमधल्या सेवियाजवळच्या दोस एर्मानासचे. ‘लोस देल रिओ’ या नावाने १९६२पासून एकत्र गाणारे. काराकासमधल्या एका खासगी समारंभात फ्लामेंको नर्तकी पाहून त्यांना ध्रुवपद सुचले. मूळ गाणे रुंबाच्या अंगाचे. स्पेनमध्ये ते गाजले, ‘फॅनगोरिया’ या तिथल्याच जोडीने क्लबसाठी त्याला वेगळा साज चढवला. अमेरिकेची मुख्य बाजारपेठ मात्र ढिम्म होती.

ती हलवली मायामीतल्या तिघांनी. ‘पॉवर ९६’ रेडिओचा डीजे जॉनी कारिदे याला क्लबात लोक हे गाणे पुन्हा पुन्हा मागताना दिसत होते, पण निव्वळ स्पॅनिश गाणे त्याच्या केंद्रावर चालत नव्हते. १९९५मध्ये कार्लोस दे यार्सा आणि माइक ट्रिए यांना घेऊन त्याने ‘बेसाइड बॉइज’ या नावाने रीमिक्स बांधले. कडवी इंग्रजीत, बाईच्या आवाजात. खाली इलेक्ट्रॉनिक ठेका. मध्येच ‘याझू’च्या १९८२च्या ‘सिच्युएशन’ या गाण्यातले ॲलिसन मॉयेचे हसू. इतके सगळे बदलले आणि ध्रुवपदाला कुणी हात लावला नाही. ते त्या दोन पोक्त गळ्यांचेच राहिले.

संयोजकाने हा निर्णय पुन्हा पुन्हा ऐकावा. ते ध्रुवपद कुणालाही गाता येते: पल्ला छोटा, ओळीच्या शेवटी ‘माकारेना’ हेच नाव परतून येणारे. त्यावरच्या नाचातल्या हातांच्या हालचाली ठरावीक मात्रांवर बसतात, मग उडी मारून पाव गिरकी आणि पुन्हा पहिल्यापासून. स्पॅनिशचे एक अक्षर न कळणाऱ्यालाही आवर्तन कुठे संपते ते अंगाने कळते. मायामीकरांनी गाण्याचा हा कणा ओळखला आणि बाकीचे बिनधास्त बदलले. नवे रूप करणाऱ्याची पारख ती हीच.

एवढे होऊनही बिलबोर्ड हॉट १००वर ते पहिल्या फेरीत पहिल्या चाळिसातसुद्धा शिरले नाही. आजचा निर्माता तिथेच थांबला असता. गाणे लग्नांत, क्लबांत, सहलीच्या जहाजांवर वाजत राहिले आणि ३ ऑगस्ट १९९६च्या यादीत, आपल्या ३३व्या आठवड्यात, पहिल्या क्रमांकावर पोचले. तिथे १४ आठवडे राहिले. यादीतला एकूण मुक्काम ६० आठवड्यांचा, त्या वेळचा उच्चांक. त्यानंतर मुख्यतः स्पॅनिश असलेले गाणे पहिल्या क्रमांकावर पोचायला २०१७ उजाडले. ते ‘देस्पासितो’. जानेवारीतल्या मूळ गाण्याला एप्रिलमध्ये जस्टिन बीबरसह नवे रूप मिळाले, तेव्हाच ते तिथवर गेले आणि १६ आठवडे टिकले.

गाण्याला असे दुसरे आयुष्य द्यायचे, तर त्याचे सुटे भाग हाती हवेत. म्हणून आता आपल्या स्टुडिओंकडे वळू. दोन वर्षांपूर्वीच्या गाण्याला कुणी नवा ठेका द्यायला निघाला, तर त्याच्या हाती काय येते? बहुतेकदा फक्त अंतिम मिक्स. रिव्हर्बमध्ये भिजलेला आवाज स्वच्छ सुटा करता येत नाही, स्टेम्सना (आवाज-वाद्यांच्या सुट्या ट्रॅक्सना) नावे नसतात, हार्ड डिस्क पुसून पुढच्या कामाला वापरलेली असते. ध्वनिमुद्रकांनी कोरडा गायनट्रॅक आणि नीट नावे दिलेले स्टेम्स दोन ठिकाणी जपावेत. हा कामाचाच भाग आहे, गायकावर केलेला उपकार नव्हे. आणि संयोजकांनी सही करण्याआधी रीमिक्सचा हक्क कुणाचा आणि त्यातल्या उत्पन्नात मूळ संयोजकाचा वाटा किती, हे करारात लिहून घ्यावे. निर्माते कुरकुर करतील. तरीही आग्रह सोडू नये.