येथे तबकडी उतरवू नये

मला जेवायला बोलवा, मी येतो. चाखायला बोलावू नका. या सदराच्या जुन्या वाचकांना माझं बुफेशी असलेलं वैर ठाऊक आहेच. त्यात आता ‘टेस्टिंग’ची भर घाला. दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्यों या तटबंदीच्या गावातून लहान गाड्या सुटतात आणि माणसांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाखवत हिंडवतात. ताईच्या हौसेपायी मीही एकीत बसलो. सोबत मेव्हणे. नाशिकला वाइनचा शनिवार-रविवारचा वर्ग करून आल्यापासून ते साधं पाणीसुद्धा हुंगून पितात.

सकाळी मंडई. काळे ऑलिव्ह, केपर आणि खारवलेले मासे वाटून केलेला तापनाद, पावाच्या कपच्यावर नखाएवढा. चेस्टनटच्या पानात बांधलेलं बानोंचं बकरीचं चीज. पानं सोडवायला जेवढा वेळ गेला तेवढा खायला लागला नाही. मग काव्हायोंच्या खरबुजाची एक पारदर्शक फोड आणि सोबत गोष्ट : 1864 साली त्या गावानं ग्रंथालयासाठी अलेक्सांद्र द्यूमाकडे पुस्तकं मागितली. ‘थ्री मस्केटिअर्स’वाल्या द्यूमानं कबूल केलं, पण बदल्यात मरेपर्यंत दरवर्षी बारा खरबुजं मागितली, आणि गावानं दिली! लेखकानं मानधन कसं ठरवावं ते यांच्याकडून शिकावं. फोडीवर तडजोड नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण गाइडनं तो थोडक्यात सांगितला नाही. 1309 ते 1377 पोपचं बिऱ्हाड रोमऐवजी आव्हिन्योंला होतं. त्यांतले जॉन बाविसावे यांनी जवळच्या टेकडीवर उन्हाळ्यासाठी किल्ला बांधला, म्हणून ते गाव शातोनफ-द्यु-पाप. किल्ल्याचा आज एक तुटका बुरूज उरलाय. त्या बुरुजाचाही अर्धा भाग 1944 मध्ये जर्मनांनी जाता जाता उडवला. तिथल्या वाइनसाठी द्राक्षांच्या तेरा जातींना परवानगी, तोडणी हातानंच, अल्कोहोल किमान साडेबारा टक्के, 1936 पासून सरकारी शिक्का.

दुपारी तिथलंच एक तळघर. पेल्यात अंगठाभर वाइन आणि शेजारी चकचकीत पिकदाणी. घोट घ्यायचा, तोंडात खळखळवायचा आणि थुंकायचा. ज्या देशात जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात देवांच्या फरशा बसवून लोकांना थुंकण्यापासून परावृत्त करतात, तिथून मी पैसे भरून इथे थुंकायला आलो होतो! मेव्हणे मात्र जन्मभर हेच करत असल्यासारखे थुंकत होते. ‘‘तापलेल्या दगडाचा स्वाद आहे,’’ ते डोळे मिटून म्हणाले. ‘‘दगड कधी चाटलात?’’ ताईनं विचारलं. बाहेरच्या बागेत खरोखर बटाट्याएवढे गुळगुळीत गोटे पसरलेले होते. दिवसभर तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात म्हणे. गाइडनंच पुढे सांगितलं, की शातो रायास ही इथली सगळ्यात नावाजलेली बाग मात्र वाळूत आहे. मेव्हण्यांनी हे ऐकलं नाही. मी घोट गिळत होतो, त्यामुळे मला सगळं नीट ऐकू येत होतं.

खरं तर या पिकदाणीवरच लिहायला बसलो होतो, पण त्या दिवसातलं माझ्या डोक्यात राहिलंय ते वेगळंच. 1954 च्या शरदात फ्रान्समध्ये जो उठेल त्याला आकाशात उडत्या तबकड्या दिसत होत्या. तेव्हा शातोनफचे महापौर ल्युसियें जन यांनी रीतसर हुकूम काढला : उडत्या तबकड्या आणि उडते सिगार, मग ते कोणत्याही राष्ट्रीयत्वाचे असोत, त्यांना गावाच्या हद्दीवरून उडायला, उतरायला किंवा उड्डाण करायला बंदी. उतरलेलं यान ताबडतोब जप्त. अंमलबजावणी गावच्या रखवालदाराकडे. गावाची जाहिरात करायला केलेली थट्टा होती, असं पुढे महापौरांच्या मुलानं सांगितलं. कॅलिफोर्नियातल्या एका वाइनवाल्यानं तर आपल्या वाइनचं नावच ‘उडता सिगार’ ठेवलं आणि लेबलावर द्राक्षबागेवर तरंगणारं यान काढलं. हुकूम मात्र कुणी मागे घेतला नाही.

मला तो रखवालदार दिसतो. सायकलवरून आलेला, कमरेला शिट्टी. समोर वेलींमध्ये झगझगीत तबकडी, दारात हिरवा गृहस्थ. आता ‘कोणत्याही राष्ट्रीयत्वाचे’ म्हणजे रकान्यात काय भरायचं? दंडाची रक्कम हुकमात नाहीच, नुसती जप्ती. टोइंगची गाडी आणली तरी हुक कुठे अडकवणार? आणि सोडवायला आला तर कागदपत्रं काय मागायची? मी परतीच्या गाडीत हे सगळं मेव्हण्यांना विचारलं. त्यांचं मत पडलं, की आधी त्याला गाळलेली नाही अशी वाइन द्यायला हवी होती, आणि पेला अर्थातच मोठा.