फुकटच्या प्रवासाचे भाडे

शीव म्हणजे सीमा. सतराव्या शतकात इंग्रजांचे परळ बेट आणि पोर्तुगीजांची साष्टी यांच्या हद्दीवर, शीवच्या टेकडीवर, किल्ला उभा राहिला तो ही सीमा राखण्यासाठीच. त्याच शीवच्या कोळीवाड्यात आज घरोघरी आणखी एक सीमा राखण्याची वेळ आली आहे. ती आहे गरज आणि हौस यांच्यातील.

समुद्रावर पोट भरणारा कोळी समाज काय किंवा फाळणीत सर्वस्व गमावून येथे वसलेले पंजाबी, सिंधी बांधव काय, या वस्तीने संसार उभारले ते कष्टाने. काशीयात्रा करायची तर आधी भिशी लावायची, पैसा साठवायचा आणि मगच तिकीट काढायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. क्रेडिट कार्डाने हा क्रम उलटा केला. आधी खर्च करा, पॉइंट मिळवा आणि त्या पॉइंटांवर 'फुकट' प्रवास करा!

हा प्रवास खरोखरच फुकट असतो काय? समजा, शंभर रुपयांच्या खरेदीवर दोन पॉइंट मिळतात आणि एका पॉइंटचे मोल २५ पैसे आहे. दहा हजारांच्या खर्चावर हाती पडतात अवघे ५० रुपये. हीच रक्कम महिनाभर थकली, तर दरमहा साडेतीन टक्क्यांनी ३५० रुपये व्याज चढते. त्यावर कर वेगळाच. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित असल्याचा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा ग्राहकाने स्वतःच सावध राहणे प्राप्त आहे.

पॉइंट म्हणजे बचत, हाही भ्रमच. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ रोजी. ज्यांनी वर्षानुवर्षे 'मैल' साठवले, त्यांना ते ज्या विमानांसाठी साठवले ती विमानेच उरली नाहीत. बँकेतील ठेवीला विम्याचे संरक्षण असते. पॉइंटांना ते नाही.

याचा अर्थ कार्ड त्याज्य आहे असा नव्हे. जो गृहस्थ मुळात करावयाचाच किराणा आणि वीजबिलाचा खर्च कार्डावर करतो, संपूर्ण बिल मुदतीत फेडतो आणि मिळालेले पॉइंट न साठवता रेल्वेच्या तिकिटासाठी वापरतो, तो शहाणाच. परंतु त्यानेही एक विसरू नये. हे बक्षीस आकाशातून पडत नाही. दुकानदाराकडून कापला जाणारा हिस्सा, कार्डाचे शुल्क आणि 'किमान रक्कम' भरून निश्चिंत झालेल्या कुणा शेजाऱ्याचे व्याज, यांतूनच ते येते. म्हणून स्वतःचे पॉइंट मोजताना त्या शेजाऱ्यालाही चार शब्द सांगावेत.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपल्या घरांतील जुनेच शहाणपण. पॉइंटांच्या मोहात ही शीव ओलांडली, तर फुकटच्या प्रवासाचे भाडे पुढच्या कित्येक पगारांतून फेडावे लागेल.