मुलींना थांबवू नका, मुलांना परत आणा

मालेगाव-भिवंडीत अनेक मुलगे शाळा सोडून लूमवर, गॅरेजात लागतात. शिकूनही नोकरी मिळत नाही, ही समाजातली भावना सच्चर समितीने २००६ सालीच नोंदवली होती. मुलींना मात्र पदवीत स्वतःच्या कमाईची, स्वतःच्या निर्णयाची वाट दिसते. मग घरात प्रश्न येतो, ‘एवढा शिकलेला मुलगा कुठून आणायचा?’ आणि थांबते ते मुलीचे शिक्षण!

हा न्याय नव्हे. निकाह हा करार आहे. शिक्षण आणि नोकरी चालू ठेवण्याची अट निकाहनाम्यात लिहिता येते. ती लिहून घ्या. कामाला लागलेल्या मुलग्यांची नावे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात घाला. बरोबरी मुलाला वर आणून साधायची असते, मुलीला खाली ओढून नाही.