पट्टी भरली, आता पट्टी द्या

चैत्र अर्धा सरला. कैऱ्यांना पाड धरू लागला, चाकणच्या बाजारात उन्हाळी कांद्याच्या गाड्या लागू लागल्या, आणि मार्चअखेरीच्या घाईत घरपट्टी व पाणीपट्टी वसूल करणारी माणसे दारोदार फिरून गेली. ज्याने भरली त्याने पावती खुंटीस अडकविली. ज्यास भरता आली नाही त्याने चार दिवसांची मुदत मागून घेतली. याच दिवसांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आम्हांस एक रंगीत कागद आणून दाखविला. हा विद्यार्थी सुताराचा मुलगा. बापाचा वाकस व पटाशी माळ्यावर ठेवून आता कारखान्यात पाळ्या करितो. कागद त्याच्या प्रभागातील नगरसेवकाचा होता. गाव कोणते ते आम्ही सांगत नाही, कारण असे कागद हल्ली गावोगाव निघतात, आणि एकट्या माणसास नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही.

कागदाच्या माथ्यावर पाडव्याच्या शुभेच्छा होत्या. खाली छायाचित्रे. एकात साहेब नारळ फोडीत आहेत, दुसऱ्यात पाण्याच्या टँकरवर हात ठेवून उभे आहेत, तिसऱ्यात एका म्हातारीस शाल देत आहेत. मध्ये मोठ्या अक्षरांत लिहिले होते : कामे प्रगतिपथावर, प्रश्न मार्गी, पाठपुरावा चालू. विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, यात आमच्या आळीच्या गटाराचे काय झाले, ते कुठं लिहिलंय?" आम्ही कागद दोन्ही बाजूंनी वाचला. त्यात नगरसेवकाच्या फोन नंबराखेरीज एकही आकडा नव्हता.

आमच्या शेतकरी बंधूंनो, तुम्ही कांदा घेऊन चाकणच्या बाजारात जाता. आडत्या तुम्हांस हिशेबाची पट्टी देतो. पिशव्या किती, वजन किती, भाव काय निघाला, हमाली व तोलाई किती कापली, आणि शेवटी हाती रक्कम किती, हे सर्व त्या चिठोऱ्यावर असते. अक्षरओळख नसलेला म्हाताराही ती पट्टी कोणाकडून तरी वाचून घेतल्यावाचून बाजार सोडीत नाही. आडत्याने पट्टीच्या जागी स्वतःचे हसरे छायाचित्र दिले तर तुम्ही काय म्हणाल? मग जी घरपट्टी, जी पाणीपट्टी तुम्ही घाम गाळून भरता, तिची पट्टी तुम्ही का मागत नाही? आपण पट्टी भरतो आणि पट्टी घेत नाही, हाच आपल्या गावकारभाराचा मोठा रोग आहे.

ज्या आवारात हा कांदा-बटाट्याचा बाजार भरतो त्यास महात्मा फुले यांचे नाव आहे. जोतीराव शेतकऱ्यांचे कैवारी होते हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु ते १८७६ ते १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासदही होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून हजार रुपये खर्च करावे असा प्रस्ताव आला, तेव्हा जोतीरावांनी एकट्याने विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणास लावा, असे त्यांचे म्हणणे होते. १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हाही त्यांनी नगरपालिकेकडे लेखी हरकत घेतली. सभासदाचे खरे काम काय, ते यावरून दिसते. नारळ फोडणे हे काम नव्हे. रयतेचा पैसा कोठे जातो यावर डोळा ठेवणे आणि वेळ पडल्यास एकट्याने हात वर करणे, हे काम होय.

आता आपल्या चाकणकडे वळू. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने ज्या संग्रामदुर्गात शाइस्तेखानाच्या अफाट फौजेस दीड महिन्याहून अधिक दिवस थोपवून धरिले, त्या किल्ल्याभोवतीचे हे गाव. भोवती कारखाने आले, शेते गेली, खोल्यांच्या चाळी उठल्या, आणि सुमारे दहा वर्षांपूर्वी ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद झाली. नगरपरिषद झाल्याने मान वाढला, हे खरे. परंतु एक गोष्ट हातची गेली, तिची कोणी वाच्यता करीत नाही. ती म्हणजे ग्रामसभा. ग्रामपंचायत होती तोवर कायद्याप्रमाणे वर्षातून निदान चार वेळा गावाने एकत्र बसून सरपंचास तोंडावर प्रश्न विचारावयाचे होते. नगरपरिषदेत तशी सभा राहिली नाही. सर्वसाधारण सभा भरते ती सभासदांची. आपण फार तर मागे बसून ऐकावयाचे. २००९ साली विधिमंडळाने शहरांतही क्षेत्रसभा असावी अशी तरतूद केली, पण ती प्रत्यक्ष भरल्याचे क्वचितच कानी येते.

त्यातच मुदत संपून निवडणुका लांबल्या आणि राज्यभर नगरपरिषदांवर वर्षानुवर्षे प्रशासक बसले. त्या काळात तर विचारावयाचे कोणास, हाच प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिला, तेव्हा कोठे गाडा हलला. डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले, २१ डिसेंबरला मोजणी झाली. आम्हां शिक्षकांस मतदानयंत्रे घेऊन केंद्रांवर बसविण्यात आले होते. थंडीत पहाटेपासून रांगा लागलेल्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या. कडेवर मूल घेतलेल्या बाया होत्या, रात्रपाळी करून तसेच आलेले कामगार होते. त्या माणसांनी आपले काम केले. आता निवडून आलेल्यांनी आपले करावे.

कोणी म्हणेल, "त्यांना येऊन तीन-चार महिने झाले, इतक्यात हिशेब कसला?" यावर आमचे उत्तर असे. पाडव्यास सालगडी ठरवितात तेव्हा कामे आधी ठरतात, साल सरल्यावर नव्हे. नगरसेवक या शब्दातच सेवक आहे. पहिल्या चैत्रात त्याने एवढेच सांगावे की हाती काय आले, पुढे काय करणार, आणि काय करणे त्याच्या हाती नाही.

हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. नाशिक रस्त्यावरील वाहनांची कोंडी पाहून आपण नगरसेवकास शिव्या देतो. पण तो रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. कारखान्यांच्या वसाहतीतील रस्ते औद्योगिक विकास महामंडळाचे. भोवतालच्या खेड्यांतील नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. नगरपरिषदेकडे राहते ते गल्लीतील गटार, दिवा, नळ, झाडलोट, कचरा आणि स्मशानभूमी. ठरावाची अंमलबजावणी करणारा मुख्याधिकारीही सरकारने नेमलेला असतो. कोणते काम कोणाचे, हे लोकांस कळत नाही, आणि या अज्ञानाचा फायदा दोहों बाजूंनी घेतला जातो. न केलेल्या कामाचा दोष दुसऱ्या खात्यावर ढकलता येतो, आणि दुसऱ्या खात्याने केलेल्या कामापुढे उभे राहून आपले छायाचित्रही काढता येते.

तर नगरसेवकाच्या पट्टीत काय असावे, ते आम्ही मास्तरकीच्या सवयीने मांडून देतो. प्रभागातून घरपट्टी व पाणीपट्टी किती येणे होती, किती आली. अंदाजपत्रकात प्रभागासाठी काय धरले आहे. नळास पाणी किती दिवसांनी, किती वेळ येते. टँकर लागले तर किती, बिल किती. कचऱ्याची गाडी आठवड्यातून किती वेळा येते आणि तो कचरा शेवटी जातो कोठे. कोणते काम कोणत्या ठेकेदारास, किती रकमेस, किती मुदतीत दिले. सभा किती झाल्या, सदस्य किती सभांस हजर होता, कोणत्या ठरावावर त्याने काय मत दिले. आणि शेवटी, काय झाले नाही व का झाले नाही. एवढे एका पाठकोऱ्या कागदावर मावते. त्यास रंगीत छपाई लागत नाही.

यंदाच्या निवडणुकीत एका प्रभागास साधारणतः दोन सदस्य मिळाले आणि नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडला. तेव्हा एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये म्हणून दोघांनी एकाच ओट्यावर बसून हिशेब द्यावा. २०११ सालापासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. जेथे बाई निवडून आली तेथे हिशेब बाईनेच सांगावा. तिच्या यजमानांनी श्रोत्यांत बसावे. संसाराचा हिशेब जिने चोख ठेविला तिला गटाराचा हिशेब जड नाही. आणि चाळीच्या खोल्यांत राहणारा मराठवाड्याचा, विदर्भाचा, परप्रांताचा कामगार, ज्याचे नाव येथल्या मतदारयादीत नाही, त्यासही त्या सभेत बसू द्यावे. घरमालकाची घरपट्टी त्याच्याच भाड्यातून निघते.

केवळ ठरावाने काम होत नाही, हे आपल्या चळवळीस फार पूर्वी कळून चुकले आहे. १९२३ साली बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या बंधूंस खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु ठराव दप्तरात आणि तळे जागच्या जागी राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात जीव आला. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव फिरविला, आणि हायकोर्टाचा निकाल लागण्यास १९३७ साल उजाडावे लागले. यंदा पाडवा १९ मार्चला झाला आणि दुसरेच दिवशी महाडचा दिवस आला. गुढी उतरविताना ही गोष्ट किती घरांत निघाली?

आता दोन शब्द आपल्याच दोषांविषयी. ग्रामसभा होती तेव्हा आपण काय केले? शंभर माणसे जमेनात म्हणून सभा तहकूब होई, आणि तहकूब सभेस गणपूर्ती लागत नाही म्हणून चार टाळक्यांत ठराव उरके. घरकुलाची यादी निघाली की मंडप भरे. गटाराचा विषय निघाला की उठून जात असू. मत देताना भावकी पाहिली, जात पाहिली, कोठे पाकीटही पाहिले. ज्याने पाकीट घेतले त्याने आपली पट्टी आगाऊच वसूल केली. त्यास पुढे पाच वर्षे विचारण्यास तोंड राहत नाही. निवडून आल्यावर नगरसेवकाकडे आपण लग्नास येण्याचा आग्रह धरितो, दाखल्यावर सही मागतो, आणि तो लग्नांना आला म्हणजे चांगला म्हणतो. मग त्यानेही छायाचित्रांचा कागद काढला तर नवल काय?

२०२५ साली चाकणसाठी स्वतंत्र महानगरपालिका करण्याची भाषाही निघाली. ती होवो न होवो. पण कारभार जितका मोठा होतो तितका तो आपल्या ओट्यापासून दूर जातो. नगरपरिषदेस प्रश्न विचारण्याची सवय आज लागली नाही, तर उद्या महानगरपालिकेच्या दारात आपली दाद कोण घेणार?

खेड्यांत १ मे रोजी ग्रामसभा भरविण्याची वहिवाट आहे. आमची सूचना अशी की त्याच सुमारास प्रत्येक प्रभागाने आपल्या नगरसेवकांस मानाने बोलवावे. देवळाचा ओटा, तालमीचे पटांगण, बुद्धविहार, दर्ग्यासमोरची जागा, जेथे सर्वांस बसता येईल तेथे बसावे. चहा आपण करावा, हिशेब त्यांनी सांगावा. शिकल्यासवरल्या पोरांनी तो लिहून भिंतीवर लावावा. हिशेब न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा आहे. साधा अर्ज लिहावा, तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्ज लिहिता येत नसेल तर शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावे. कागद व शाई आमची.

त्या सुताराच्या मुलाने रंगीत कागदाच्या कोऱ्या कडेवर आपले प्रश्न लिहून काढले आहेत. ते सात आहेत. पहिला गटाराचा आहे.