धावणाऱ्याचे मोल

माझ्या नातवाकडे एकाच खेळाडूच्या दोन जर्सी आहेत. एक निळी, एक हिरवी. दोन्हींच्या पाठीवर आकडा २६ आणि नाव बार्कली. निळी न्यू यॉर्क जायंट्सची, हिरवी फिलाडेल्फिया ईगल्सची. मुलगी आणि जावई न्यू जर्सीत राहतात. तिथे या दोन संघांच्या चाहत्यांमध्ये, बांधावरून भांडणाऱ्या दोन चुलतभावांत असावे तितके सख्य आहे. त्यामुळे निळी उतरवून हिरवी चढवणे ही काही साधी गोष्ट नव्हती. ९ फेब्रुवारी २०२५च्या रात्री ईगल्सने ‘सुपर बोल’ हा अंतिम सामना जिंकला, तेव्हा नातवाने मला विचारले, “आजोबा, माणूस तोच, नंबर तोच. मग इतकी वर्षे तो हरत का होता?”

माझी हयात बँकेत गेली. कर्जदार तोच, धंदा तोच, मग यंदाच हप्ते का थकले, असे हेड ऑफिसने विचारले की शाखाधिकाऱ्याची जी गत होते, तीच माझी झाली. उत्तर ठाऊक असते, पण एका ओळीत बसत नाही.

अमेरिकन फुटबॉल आपल्या फुटबॉलहून अगदीच वेगळा. त्याचा गाभा मात्र कुठल्याही हिशेबी माणसाला पाच मिनिटांत कळेल असा आहे. मैदान शंभर यार्डांचे, खेळाडू अकरा-अकरा. चेंडू ज्याच्या ताब्यात आहे त्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकला की पुन्हा चार प्रयत्न. नाही सरकला तर चेंडू समोरच्याकडे. सरकण्याचे मार्ग दोन. क्वार्टरबॅक हा संघाचा सूत्रधार. तो चेंडू धावपटूच्या हातात देतो आणि धावपटू माणसांच्या भिंतीतून वाट काढतो. किंवा क्वार्टरबॅक तो चेंडू पुढे पळालेल्या सहकाऱ्याकडे फेकतो. धावणे सरकारी रोख्यासारखे आहे : मिळकत थोडी, पण बहुतेक खात्रीची. फेकणे कर्जवाटपासारखे : मिळकत जास्त, पण जोखीमही तशीच. चेंडू जमिनीवर पडला तर तो प्रयत्न फुकट गेला आणि प्रतिस्पर्ध्याने मधेच झेलला तर मुद्दलच बुडाले.

धावायचे किती आणि फेकायचे किती, हा या खेळातला शंभर वर्षांहून जुना वाद आहे. मुळात चेंडू पुढे फेकायला बंदीच होती. नुसती रेटारेटी चाले आणि तीत तरुण पोरे प्राणाला मुकत. १९०५ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज दिली. पुढच्या वर्षी फेकण्याला परवानगी मिळाली, तीही कडक शर्तींवर. तरी पुढची कित्येक दशके धावणाऱ्यांचीच होती. फेकीतून तीन गोष्टी घडू शकतात आणि त्यांतल्या दोन वाईट असतात, असे जुने प्रशिक्षक म्हणत. १९७८मध्ये नियम बदलले. झेलायला पळणाऱ्याला पहिल्या पाच यार्डांनंतर अडवण्या-ढकलण्यास बंदी आली. क्वार्टरबॅकच्या रक्षकांना हात पसरून प्रतिस्पर्ध्याला थोपवण्याची मुभा मिळाली. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल वॉल्श यांनी छोट्या-छोट्या अचूक फेकींनी धावण्याचेच काम करवून घेतले आणि तीन वेळा अजिंक्यपद मिळवले. वारे फिरले ते फिरलेच.

पुढे संगणक आले आणि त्यांच्यामागोमाग आकडेवाले आले. त्यांनी मांडलेला हिशेब साधा होता. एका फेकीमागे सरासरी सात यार्डांच्या आसपास मिळतात, एका धावेमागे साडेचारच्या आत-बाहेर. मग धावायचे कशाला? जुन्या लोकांचे उत्तर असे की, जास्त धावणारे संघ जास्त सामने जिंकतात. त्यावर आकडेवाल्यांनी बिनतोड जबाब दिला : ते धावतात म्हणून जिंकत नाहीत, जिंकत असतात म्हणून धावतात. आघाडी मिळाली की घड्याळ पळवायचे असते. फेक खाली पडली तर घड्याळ थांबते, धावल्यावर ते सहसा चालूच राहते. ही चूक मी कर्जाच्या अर्जांत पुष्कळदा पाहिली आहे. भरभराटीला आलेल्या कारखानदाराचे ऑफिस वातानुकूलित असते, म्हणून नवा उद्योजक कर्जाच्या पैशातून आधी ऑफिस वातानुकूलित करतो. कार्यालाच कारण समजण्याचा हा प्रकार.

आकडेवाल्यांचा हा विजय केवळ वादातला नव्हता. त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागली, आणि ती धावपटूंनी मोजली. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, २०१३ आणि २०१४ या लागोपाठच्या दोन वर्षी पहिल्या फेरीत एकाही संघाने एकही धावपटू घेतला नाही. एखाद्या खेळाडूला ठरलेल्या रकमेवर एक वर्ष बांधून ठेवण्याचा अधिकार संघांकडे असतो. त्याला कंटाळून पिट्सबर्गचा लेव्हिऑन बेल २०१८चा अख्खा हंगाम घरी बसला. २०२३मध्ये धावपटूसाठी ही रक्कम होती सुमारे एक कोटी डॉलर. त्याच वर्षी अव्वल क्वार्टरबॅकांचे करार वर्षाला पाच कोटींपलीकडे गेले. त्या जुलैत देशातले नामांकित धावपटू दूरदूरच्या गावांतून पडद्यावर एकत्र आले आणि आपल्या घसरत्या भावाविषयी बोलले. त्यांत सेक्वॉन बार्कलीही होता.

कोटी डॉलर मिळवणाऱ्यांची कसली कणव, असे वाचक म्हणतील. रकमा बाजूला ठेवू. प्रत्येक धावेला शंभर-सव्वाशे किलोचे गडी ज्याच्या अंगावर कोसळतात, तो सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी म्हातारा ठरतो. त्याची उमेदीची वर्षे स्वस्तातल्या पहिल्या करारात खर्ची पडतात; भाव मागायची वेळ येते तेव्हा गुडघे उत्तर देऊ लागलेले असतात. ज्याच्या हाडामासावर काम उभे आहे त्याच्या कामाचे मोल सरासरीने ठरवायचे का, हा प्रश्न उसाच्या फडापासून गिरणीपर्यंत आपल्यालाही नवा नाही.

आकडेवाल्यांचे चुकले कुठे? सरासरी खरीच होती, पण ती सरासरी होती. नव्वदीच्या सुरुवातीला मी एका तालुक्याच्या शाखेत होतो. तिथली द्राक्षबागांची कर्जे उत्तम फिटत. आम्ही हिशेब केला, परतावा सर्वांत चांगला द्राक्षांचा, तेव्हा सगळा पैसा द्राक्षांत घाला. पहिली शंभर कर्जे ज्यांनी घेतली होती त्यांच्याकडे पाणी होते, अनुभव होता. पुढची शंभर ज्यांना दिली त्यांच्याकडे होता तो फक्त शेजाऱ्याची बाग पाहून आलेला उत्साह. शिवाय सगळ्यांचा माल एकाच आठवड्यात बाजारात आला. आधीच्या शंभरांची सरासरी पुढच्या शंभरांना लागू पडली नाही. मागचा रुपया किती कमावून आला हे पाहायचे नसते. पुढचा रुपया किती कमावील हे पाहायचे असते. तो पुढचा रुपया रोख्यात घातला काय किंवा कर्जात घातला काय, सारखेच पदरात पडेल अशी वेळ आली की तोल साधला असे समजावे.

फुटबॉलमध्ये तर याहून एक पेच जास्त आहे. द्राक्षाला बँकेचे मन कळत नाही. समोरच्या संघाला कळते. फेकीची सात यार्डांची सरासरी ही, समोरचा धावेलाही भीत असताना मिळालेली सरासरी आहे. ती भीती काढून टाका, मग सात राहणार नाहीत. सगळेच चेंडू यॉर्कर टाकणाऱ्या गोलंदाजाचे जे होते, तेच होईल.

याची दोन उदाहरणे जगाने पाहिली, आणि दोन्हींतून लोकांनी घाईने धडे काढले. १ फेब्रुवारी २०१५. सिअॅटल २४, न्यू इंग्लंड २८. शेवटचे २६ सेकंद, दुसरा प्रयत्न, गोलरेषा एका यार्डावर आणि सिअॅटलकडे मार्शॉन लिंचसारखा रेड्याच्या ताकदीचा धावपटू. प्रशिक्षक पीट कॅरल यांनी फेकायला सांगितले. माल्कम बटलर या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या पोराने चेंडू झेलला आणि सामना संपला. कॅरल यांची आजतागायत टिंगल होते. पण हिशेब पाहा. त्या हंगामात तोवर एका यार्डावरून केलेली एकही फेक प्रतिस्पर्ध्याने झेललेली नव्हती. लिंच मात्र त्याच अंतरावरून पाच वेळा धावून एकदाच पोहोचला होता. हातात एकच टाइमआउट होता. तीनही प्रयत्न करून पाहायचे तर एकदा तरी फेकणे भाग होते. निर्णय वाईट नव्हता, फळ वाईट मिळाले. या दोहोंतला फरक न कळणारे लोक ऑडिटला येतात तेव्हा फार त्रास देतात.

दुसरे उदाहरण ५ फेब्रुवारी २०१७चे. अटलांटा संघ न्यू इंग्लंडविरुद्ध २८-३ असा पुढे होता. शेवटच्या पाच मिनिटांत आघाडी २८-२० झाली, तरी अटलांटा प्रतिस्पर्ध्याच्या २२ यार्डांवर होता. तिथून धावून वेळ काढायचा, लाथेने तीन गुण घ्यायचे, की निकाल जवळजवळ लागलाच. एक धाव फसली आणि त्यांनी फेकायचे ठरवले. क्वार्टरबॅक चेंडूसकट बारा यार्ड मागे आडवा झाला, पाठोपाठ दंडही झाला आणि लाथेच्या टप्प्याबाहेर गेलेला संघ जादा वेळेत २८-३४ असा हरला. इथे सरासरीचा काही संबंधच नव्हता. ज्याला मुद्दल राखायचे आहे त्याने व्याजाचा दर पाहायचा नसतो.

आता बार्कलीकडे येऊ. २०१८मध्ये कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक माहोम्सने एका हंगामात पन्नास टचडाउन फेकले आणि बचाव करणारे धास्तावले. दूरची फेक अडवायला त्यांनी दोन-दोन रक्षक मागे खोल उभे केले, जाडजूड गड्यांच्या जागी चपळ, हलकी पोरे आणली. म्हणजे सगळ्यांनी छपराची डागडुजी केली आणि दार सताड उघडे राहिले. ईगल्सनी ते पाहिले. मार्च २०२४मध्ये जायंट्सनी जाऊ दिलेल्या बार्कलीला त्यांनी घेतले. २०२३मध्ये जायंट्सकडून ९६२ यार्ड धावलेला हा गडी २०२४च्या हंगामात २,००५ यार्ड धावला. दोन हजारांचा टप्पा गाठणारे खेळाडू तोवर अवघे आठ होते.

माणूस तोच होता. त्याच्यापुढे भिंत फोडणारे पाच जण मात्र देशातल्या सर्वोत्तमांपैकी होते आणि समोरच्यांना फेकीचीही चिंता होती. धावपटूच्या नावावर लागणाऱ्या यार्डांत या पाच जणांचा वाटा मोठा असतो. “धावपटू कुणीही चालेल” म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, ते एवढेच.

मला खरे उत्तर सापडले ते अंतिम सामन्यात. कॅन्सस सिटीने ठरवले होते की काही झाले तरी बार्कलीला पळू द्यायचे नाही. दिलेही नाही. पंचवीस प्रयत्नांत त्याला मिळाले फक्त ५७ यार्ड. त्या दिवशी त्याचा अठ्ठाविसावा वाढदिवस होता. आणि ईगल्स मध्यंतराला २४-० असे पुढे होते, शेवटी ४०-२२ असे जिंकले. विजयात बचावफळीचा हात मोठा होता. पण सामनावीर ठरला क्वार्टरबॅक जेलन हर्ट्‌स, बावीसपैकी सतरा फेकी अचूक टाकून. सगळ्यांचे डोळे बार्कलीवर खिळले होते, म्हणून हर्ट्‌सला मोकळे आकाश मिळाले. त्या दिवशीच्या आपल्या सरासरीवर बार्कली सव्वादोन यार्डांचा माणूस ठरतो. पण त्याच्या भीतीने दुसऱ्याच्या खात्यात जे जमा झाले, ते कुठल्या रकान्यात लिहायचे?

एखाद्या गोष्टीचे मोल ती स्वतः किती कमावते यावरच ठरत नाही. ती असल्यामुळे दुसऱ्याला किती कमावता येते, तेही पाहावे लागते. सरकारी रोखे बँकेला फार मिळवून देत नाहीत. ते तिजोरीत आहेत म्हणून कर्ज देणारा अधिकारी रात्री झोपू शकतो.

मार्च २०२५मध्ये ईगल्सनी बार्कलीचा करार वाढवला. वर्षाला दोन कोटी डॉलरची रेषा ओलांडणारा तो पहिला धावपटू. पुढच्याच महिन्यात लास व्हेगासच्या संघाने ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर अॅश्टन जेन्टी हा धावपटू उचलला. त्या संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक होते पीट कॅरल. अर्थात लगेच उलट्या टोकाला जायचेही कारण नाही. २०२५च्या हंगामात बार्कलीच्या पुढची फळी दुखापतींनी खिळखिळी झाली, प्रतिस्पर्धीही शहाणे झाले होते आणि त्याचे यार्ड खूपच आटले. द्राक्षे महाग झाली की सगळेच द्राक्षे लावतात. मग ती पुन्हा स्वस्त होतात.

तेव्हा तोल म्हणजे निम्मे-निम्मे नव्हे. साठ फेकी आणि चाळीस धावा हाही तोल असू शकतो, आणि उलटही. समोरच्याला अखेरपर्यंत खात्री वाटू नये, हा खरा तोल. आणि ज्याच्या असण्याने ती खात्री होत नाही, त्याचा मोबदला ठरवताना निव्वळ सरासरी पुढे करणे, हा हिशेब नव्हे. ती घासाघीस आहे.

नातवाला मी एवढेच सांगितले की, आधीही तो चांगलाच होता, पण एकटा होता. त्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, “मग निळी टाकून देऊ का?” मी म्हटले, “नको. ती वर्षेही त्याचीच आहेत.”