घोट टाळून घाट चढू नका

पावसाळा सरला की महाबळेश्वर-पाचगणीचे बेत घरोघरी शिजू लागतात. ज्येष्ठांना सोबत न्यावे की नाही, हे विचारण्यास येणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या मनात एकच धास्ती असते : उंची सोसेल का? महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटर उंचावर आहे. विरळ हवेचा त्रास सहसा 2,500 मीटरच्या वर संभवतो. म्हणून प्रकृती स्थिर असलेल्यांना ही उंची बहुधा बाधत नाही. त्यांना बाधतो तो संकोच.

लघवीसाठी गाडी वारंवार थांबवावी लागेल, या संकोचापायी आजी-आजोबा सकाळपासून पाणी तोडतात. रक्तदाबाची किंवा हृदयविकाराची लघवी वाढवणारी गोळीही कोणाला न सांगता टाळतात. पुणे ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे 120 किलोमीटर. परंतु पसरणी घाटातील वळणे आणि सुट्टीची गर्दी धरता तीन-चार तास सहज जातात. शरीरात पाणी कमी आणि पाय तासन्‌तास लोंबकळलेले. अशा स्थितीत गाडीतून उतरून एकदम उभे राहिले की रक्तदाब उतरतो, भोवळ येते आणि माणूस कोसळतो. उतारवयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्यांनी शुश्रूषा केली आहे त्यांना सांगणे न लगे.

यावर उपाय कुटुंबाच्या हाती आहे. दर तासाभराने थांबायचेच, असे निघण्यापूर्वी सर्वांदेखत ठरवावे. म्हणजे आजोबांना विनंती करावी लागत नाही. घाट चढण्यापूर्वीचा थांबा वाईत घ्यावा. कमोडची सोय कोठे आहे, याची चौकशी आधीच करावी. पाणी घोटघोट प्यावे. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे प्रमाण ठरवून दिले असल्यास तेच पाळावे. गोळीची वेळ बदलावी का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. ती परस्पर बंद करू नये. उलटी थांबवणाऱ्या काही गोळ्यांनी झापड येते आणि प्रोस्टेटची वाढ असलेल्यांची लघवी अडू शकते. त्याही विचारूनच घ्याव्यात. उतरण्यापूर्वी घोटे हलवावेत, पाय जमिनीवर टेकवून मिनिटभर बसावे आणि मग आधार घेऊन उठावे. औषधांची पिशवी डिकीत न ठेवता हाताशी असावी.

मुक्कामी पोहोचल्यावर सर्व पॉइंट पाहण्याचा अट्टहास नको. आठवड्याच्या मधल्या दिवशी तापोळ्याच्या रस्त्याने निघावे. कोयनेचा जलाशय गाडीत बसूनही दिसतो. अथवा पंचनद्यांचे उगमस्थान मानल्या गेलेल्या क्षेत्र महाबळेश्वरी सकाळच्या शांततेत जावे. तरुण मंडळी कड्यापर्यंत जाऊन येतील; आपण बाकावर शाल पांघरून निवांत बसावे. शेजारी पाण्याची बाटली मात्र असू द्यावी.