मोडलेला उपवास

गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख कपाळी लावून घेतलेली वसईची माणसे राखेच्या बुधवारी चर्चमधून बाहेर पडतात, तेव्हा पुनरुत्थानाच्या सणापर्यंतचे, रविवार वगळून मोजलेले, चाळीस दिवस त्यांच्यासमोर असतात. परंतु या चाळीस दिवसांत धर्माचा कायदा त्यांच्याकडून सक्तीने किती वसूल करतो हे पाहू जाता मनाला नवल वाटल्याखेरीज राहत नाही. कॅथोलिक पंथाच्या आजच्या शिरस्त्याप्रमाणे उपवास बंधनकारक आहे तो दोनच दिवस, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला. त्या दिवशीही एक पुरते जेवण आणि दोन वेळा थोडेसे खाणे यांस मुभा असते, आणि ज्यांची १८ वर्षे भरलेली नाहीत किंवा ज्यांनी ५९ ओलांडली आहेत त्यांना तेवढेही बंधन नाही. निर्जळी एकादशी करणाऱ्या आमच्या आजीच्या कानी हे गेले असते, तर याला उपवास म्हणायचे तरी कशाला, असे तिने विचारले असते. अर्थात् ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हणही मी प्रथम तिच्याच तोंडून ऐकली.

कायद्याने एवढे थोडे मागावे आणि उरलेले सारे माणसाच्या अंतःकरणावर सोपवावे, यात दिसते तितकी सवलत नाही. पोटाची झडती घेता येते, अंतःकरणाचा पंचनामा कोणी करावा? डोंगरावरील प्रवचनात येशूने आपल्या शिष्यांना बजावले, की उपवास करणाऱ्याने म्लान मुखाने हिंडू नये, डोक्याला तेल लावावे, तोंड धुवावे, म्हणजे त्याचा उपवास लोकांच्या ध्यानी येणार नाही. ही आज्ञा अवघड खरी, पण ती पाळणाऱ्यापुढेही एक खड्डा असतोच. कारण दिखाऊपणाचा अहंकार मेला तरी आपण तो मारला याचा अहंकार मागे उरतो, आणि तो अधिक चिवट असतो. मग उपवास खरा की खोटा हे उपवास करणाऱ्याने तरी ओळखावे कसे? मला वाटते, उपवास कसा पाळला यापेक्षा तो कोणासाठी मोडता आला, यावरून ते अधिक निश्चितपणे कळते.

असिसीचे संत फ्रान्सिस, जे १२२६ साली निवर्तले, त्यांच्याविषयीच्या दोन कथा या संदर्भात मला नेहमी शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. परंपरा सांगते, की त्रासिमेनो सरोवरातील एका निर्जन बेटावर ते उपवासकाळ कंठण्यासाठी गेले, तेव्हा त्यांच्याजवळ दोन लहान भाकऱ्या होत्या, आणि परतताना त्यांतली एक अखंड व दुसरी अर्धी शिल्लक होती. हा अर्धा तुकडा तरी का खाल्ला? तर चाळीस दिवस निराहार राहिलेल्या आपल्या प्रभूची बरोबरी केल्याचा अभिमान चित्ताला शिवू नये म्हणून! दुसरी कथा त्यांच्या प्रारंभीच्या चरित्रांत नोंदलेली आहे. मंडळी नुकतीच जमलेली, व्रते कडक, आणि एका मध्यरात्री त्यांतला एक बंधू भुकेने मरतो आहे असे म्हणून ओरडू लागला. फ्रान्सिस उठले, जे काही होते ते पानावर मांडावयास लावले, आणि त्या बिचाऱ्याला एकट्याने खाण्याची शरम वाटू नये म्हणून स्वतः त्याच्याबरोबर जेवले व इतरांनाही जेवावयास बसविले. ज्याने चाळीस दिवसांत अर्धी भाकर खाल्ली, त्याने दुसऱ्याची लाज राखण्यासाठी मध्यरात्री पोटभर खावे, या दोन गोष्टींत मला विसंगती मुळीच दिसत नाही. उलट पहिलीचा अर्थ दुसरीने लावून दिला आहे.

ही दृष्टी फ्रान्सिस यांच्याही पूर्वीची आहे. पाचव्या शतकाच्या प्रारंभी कासियन या मठवासी लेखकाने मिसरमधील तापसांचा जो वृत्तांत लिहून ठेवला, त्यात अतिथी आला की नित्याचा उपवास बाजूला सारून त्याच्याबरोबर जेवणारे वृद्ध तपस्वी भेटतात. त्यांचा युक्तिवाद असा, की उपवास काय, उद्याही करता येईल, पाहुणा मात्र उद्या निघून जाईल. त्याहून जुन्या, दुसऱ्या शतकातल्या ‘हर्माचा मेंढपाळ’ या ग्रंथात तर चक्क जमाखर्चाची रीत सांगितली आहे: उपवासाच्या दिवशी भाकरी आणि पाणी यांवर राहावे, एरवी जे खाल्ले असते त्याची किंमत काढावी आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. त्या हिशेबात वाचलेल्या अन्नाचे रुपये आपल्याच पेटीत राहिले तर तो उपवास न राहता काटकसर झाली, एवढे समजावयास धर्मशास्त्राची गरज नाही.

सेवेचेही असेच आहे. पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, कारण शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले होते. त्या प्रसंगी पेत्राने प्रथम पाय मागे घेतले हे सर्वांच्या स्मरणात असते. परंतु ज्याने त्याच रात्री विश्वासघात केला त्या यहूदाचेही पाय त्या पंक्तीत होते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. सेवा घेणाऱ्याची योग्यता तपासू लागलेली सेवा मेहेरबानी होते. इंग्लंडच्या राजघराण्यात हा विधी शतकानुशतके चालला, राजे स्वहस्ते गरिबांचे पाय धूत. पुढे ते धुणे बंद पडले आणि राजाच्या वयाइतक्या पुरुषांना व तितक्याच स्त्रियांना खास पाडलेली नाणी वाटण्याचा दस्तूर तेवढा शिल्लक राहिला. नाणी देण्यात वावगे काही नाही. मात्र नाणे उभ्याने देता येते, पाय धुवावयाचे तर वाकावे लागते.

आपल्या महाराष्ट्रात हे वाकणे पंडिता रमाबाईंनी जाणले होते, आणि त्यामागे पुस्तकी ज्ञान नव्हते. व्रतवैकल्ये, दानधर्म, तीर्थयात्रा यांत आयुष्य वेचलेल्या त्यांच्या कुटुंबाला दक्षिणेतील दुष्काळाने गाठले, आणि वडील, आई व थोरली बहीण थोड्या थोड्या अंतराने त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. स्वेच्छेने पत्करलेली भूक आणि लादलेली भूक यांतले अंतर त्यांना कोणी शिकवावयास नको होते. म्हणूनच १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तेथून शेकडो निराधार मुली घेऊन आल्या, आणि केडगावच्या माळावर त्यांचा मुक्ति मिशनचा संसार उभा राहिला. दुष्काळात सापडलेल्या पोरीला उपवासाचे माहात्म्य सांगणे हा क्रूरपणा आहे. तिला आधी जेवू घालावे लागते, आणि त्यासाठी ज्याच्या घरात धान्य आहे त्याने आपले ताट कमी करावे लागते.

उपवासाची सक्ती भरल्या पोटाच्या माणसावरच आहे, आणि तीही त्याने स्वतःवर घालावयाची, ती याचसाठी. चाळीस दिवसांच्या अखेरीस आपले वजन किती उतरले, किती शुक्रवार पाळले, याची नोंद कोणी खुशाल ठेवावी. पण या काळात आपल्यामुळे कोणाला एकट्याने खावे लागले नाही ना, एवढा एक प्रश्न त्या नोंदीच्या शेवटी लिहून त्याचे उत्तर स्वतःच्या हाताने द्यावे. ते उत्तर तपासावयास दुसरा कोणी येणार नाही, आणि म्हणूनच ते खोटे लिहिण्यात काही अर्थ नाही.